लेकीला लेक

आमच्या लोकांत मुलगी देत नसत, बदलत. तुमची एक आमच्या घरात, आमची एक तुमच्या घरात. याला साटंलोटं म्हणतात. मी जन्मले तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन गेलं होतं, निजामाचं राज्य जाऊन सगळे म्हणे मोकळे झाले होते. पण ही बातमी आमच्या भावकीत कुणी पोचवली नसावी. दादाला बायको हवी होती आणि घरात मी होते, एवढ्यावर माझं लग्न ठरलं. नवरा कसा आहे हा प्रश्न अगदी शेवटी आला, तोही कुणीतरी सहज विचारला म्हणून. देवगाव रंगारीचं ते घर मेंढरांवालं, आमच्याच नात्यातलं. वडील वारलेले, घरात आई, मुलगा रंगनाथ आणि मुलगी गया. रंगनाथला मी, दादाला गया. एकाच मांडवात, एकाच अक्षतांमध्ये दोन्ही लग्नं उरकली. मी नुकती सतराव्यात गेले होते, गया माझ्याहून थोडी लहान. मला सातवीपर्यंतची शाळा मिळाली होती, तिला तीही नाही.

माझं माहेर तेव्हा उस्मानपुऱ्याच्या कडेला होतं. आज त्याच भागात मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी हे लिहिते आहे. खाली गाड्यांचे भोंगे चालू आहेत. शहराचं नावही बदललं, पण माझ्या तोंडून अजून औरंगाबादच निघतं आणि नात हसते. तेव्हा घरामागं ज्वारीची रानं होती आणि स्टेशनातल्या मालडब्यांचे धक्के थेट चुलीपर्यंत ऐकू यायचे. बाबांनी मेंढरं विकून एका कापडगिरणीत रखवालदारी धरली होती, दादाही तिथंच कामाला लागला होता. म्हणजे म्हणायला आम्ही शहरातले. शेजारच्या खालाकडून मी निम्मी भाषा उचलली होती आणि तिच्याकडच्या ईदच्या शेवया माझ्या फार आवडीच्या होत्या. पण लग्न निघालं, कुणी वारलं, जेवणावळ ठरली, की आम्ही परत भावकीचे. दादा तापट होता. त्याच्या तापटपणाचं घरात लहानपणापासून कौतुक. “वाघ हाय माझा,” असं माय म्हणायची आणि पहिली भाकरी वाघाच्या ताटात पडायची. त्याचं काही चुकतं आहे असं त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नाही, आणि मी सांगायला गेले तर मलाच गप्प बसवलं गेलं.

देवगावात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मला वाटलं होतं, आपण मेलो. शहरात वाढलेली मुलगी मी, घरात शिरले तर सगळीकडे लोकरीचा आणि लेंड्यांचा वास. पण माणसाला कशाची सवय होईल सांगता येत नाही. थोड्याच दिवसांत त्या वासावाचून मला करमेना. मेंढरं दिवसभर रानात असायची आणि त्यांची कोकरं घरामागच्या कुडात, काट्यांच्या कुंपणाआड. दिवस कलला की लांबून धूळ दिसायची. कोकरांना ती आपल्याआधी कळायची. मग जो कल्लोळ उठायचा तो मला अजून ऐकू येतो. इकडून कोकरं ओरडतायत, तिकडून आया ओरडतायत, मधे रंगनाथ आणि आत्याबाई पाय रोवून उभे, आणि त्या गर्दीत प्रत्येक कोकरू नेमकं आपल्या आईच्या कासेला जाऊन भिडायचं. एखादं चुकलं तर दुसरी मेंढी त्याला ढुशी मारून बाजूला करायची. अशी चुकलेली कोकरं उचलून त्यांच्या आयांपाशी नेणं हे माझं काम झालं. सगळं शांत झालं की आत्याबाई चूल फुंकायच्या. बाजरीची भाकरी, भाजल्या डाळी-धान्याच्या येसराची आमटी, कधी हुलग्याचे शेंगोळे, आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा. तो चहा पहिल्यांदा प्याले तेव्हा मला मळमळलं होतं. पुढं औरंगाबादला परत आले तेव्हा म्हशीच्या दुधाचा चहा पाण्यासारखा लागायचा आणि त्यावरून रडू यायचं. चहावरून रडणारी मुलगी म्हणून मायनं माझी चेष्टाही केली.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. उंच, सडपातळ, तोंडाची फटकळ. बसतील तिथं त्यांच्या हातात लोकर कातायची चाती फिरत असायची. सातवी शिकलेली सून आली म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, आणि मला घरात मात्र “शाळा मास्तर” म्हणायच्या. “आमच्या शाळा मास्तरला भाकरी थापता येईना, पर पेपर वाचता येतो बरं,” असं शेजारणीला ऐकवायच्या आणि माझी फाटलेली भाकरी स्वतःच्या ताटात ओढून घ्यायच्या.

आणि रंगनाथ. त्यांचं नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही, घ्यायचं नसतंच. आता लिहायला कुणाची हरकत असणार? फार बोलणारे नव्हते ते. मेंढरांना हाक घालताना तेवढा त्यांचा आवाज मोकळा सुटायचा, जिभेच्या टोकावर घोळवून काढलेला, लांबलचक. एकदा मी त्यांची भाकरी घेऊन रानात गेले आणि मोठ्या ऐटीत तशीच हाक घालून बघितली. मेंढरांचं सगळं खांड बिथरलं आणि पार बांधापलीकडे हरभऱ्यात घुसलं. मला वाटलं आता शिव्या मिळणार. ते मात्र काठी टाकून मटकन खाली बसले आणि पोट धरून हसत सुटले. हरभरेवाला बोंबलत आला तरी यांचं हसू आवरेना. “लांडग्यासारखी वराडली की गं तू,” असं डोळे पुसत म्हणाले. त्या दिवसापासून आमची ओळख झाली असं मी धरते. लग्न त्याआधी काही महिने झालं होतं. मला ते आवडत होते. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोलले नाही. आमच्या वेळी नवरा आवडतो असं म्हणण्याची रीत नव्हती, पण आवडत होते हे खरं आहे आणि या वयात तरी ते लिहून ठेवायला हवं.

गया आणि मी एकमेकींच्या नणंदाही आणि भावजयाही. सणावारी भेट झाली की ती मला वहिनी म्हणायची, मीही तिला वहिनी म्हणायचे, आणि मग दोघी खुदकन हसायचो. पण या नात्यातली खरी गोम वेगळी होती. गयाला उस्मानपुऱ्यात जे होईल ते मला देवगावात व्हायचं. कुणी तसं ठरवून करत नव्हतं. भावकीचा तो धर्मच होता. बाजाराला गेलेलं माणूस सांगत यायचं की गयाला संक्रांतीला साधं लुगडं घेतलं, मग मलाही साधंच. गया अंगात ताप असताना पाणी वाहते असं एकदा कुणी सांगितलं. लगेच चुलत सासवा जमल्या. “आपली तापात पानी वाहती आन ह्यांची सावलीत बसून खाती व्हय?” मला सणकून सर्दी झाली होती, डोकं ठणकत होतं. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हंडा ठेवला आणि “चल, नीघ,” म्हणून दरडावलं. मी निघाले. बोळाच्या वळणावर, जिथून घर दिसत नाही तिथं, आत्याबाई मागच्या वाटेनं येऊन उभ्या होत्या. हंडा काढून घेतला, मला धोंड्यावर बसवलं आणि स्वतः पाणी आणायला गेल्या. येताना हंडा परत माझ्या डोक्यावर दिला. “रडत रडत चाल,” म्हणाल्या, “हसू नको, मेले, बघत्यात समद्या.” माझ्यावर माया करायची तर त्या बाईला अशी चोरून करावी लागायची.

उस्मानपुऱ्यात गयासाठी असं वळणावर उभं राहणारं कुणी नव्हतं. बाबा कामावर, आणि माय वाघाची आई.

मळणीचे दिवस होते. मी ओट्यावर लोकर विंचरत बसले होते. भर दुपारी गया एकटीच चालत आली. औरंगाबादहून रेल्वेनं लासूरला उतरली होती आणि तिथून पायी. उजवा हात लुगड्याच्या फडक्यानं गळ्यात बांधलेला, मनगटापासून कोपरापर्यंत सुजून काळानिळा. दादाला कामावर जायची घाई होती, भाकरीला उशीर झाला, म्हणून त्यानं चुलीतली लोखंडी फुंकणी उचलून तिला मारली होती. हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. तिनं हे सगळं आल्या आल्या सांगितलं, रडत नव्हती. “पानी दे, आय,” एवढं म्हणताना फक्त तिचा आवाज फाटला. मी हातातलं टाकून तिच्याकडे धावले. एका चुलत सासूनं मला मधेच अडवलं. “तुझ्या भावानं केलंय हे. तू हात लावू नको तिला.” मी तशीच मधे उभी राहिले. आत्याबाई हळद तापवायला आत जाता जाता थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. पुढं काय होणार ते त्यांना तिथंच कळलं होतं, मला कळायला वेळ लागला.

भावकीचे म्होरके म्हणजे थोरले काका, रंगनाथचे चुलते. मिशा पांढऱ्या, आवाज मऊ. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. दुष्काळात त्यांनी सगळ्या भावकीची मेंढरं आपल्या जबाबदारीवर लांब चारायला नेऊन जगवली होती, लोक त्यांना देवासारखे मानत. ओट्यावर बैठक बसली, आम्ही बायका दाराआड. काका म्हणाले, “आपली लेक मोडका हात घेऊन आली. त्यांची लेक आपल्यात दूधभाकर खाती. हे काय बरं दिसतं का? लेकीला लेक दिली व्हती. ती नांदली तर ही नांदंल.” रंगनाथ खाली मान घालून बसले होते. मग ठरलं ते असं: दादानं देवगावात यायचं, भावकीपुढं चूक कबूल करायची, गयाला नीट वागवीन म्हणून सांगायचं आणि न्यायचं. नाहीतर मी परत जायचं. माझ्या वागण्यात काय खोट आहे हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही, कारण खोट नव्हतीच आणि तिचा संबंधही नव्हता.

आधी बाबा आले. पायरीवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि काकांपुढं हात जोडले. काकांनी त्यांना उठवून चहा दिला. “तुमी मारलं का? नाय ना? मग तुमी हात जोडून काय उपेग, पावनं? ज्यानं मारलं त्याला धाडा.” बाबा माझ्याकडे न बघता गेले. दादा आला नाही. गिरणीत येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर त्यानं निरोप धाडला, “गेली तशी येऊ दे. मी काय न्यायला येत नसतो.” म्हणजे आता सगळं गयावर आलं. ती आपल्या पायानं परत गेली तर माझा संसार राहणार होता. नाही गेली तर मोडणार होता.

बायकांनी तिला घेरलं. कुणी गोडीनं सांगे, कुणी टोचून. मारत नाही असा नवरा दाखव म्हणे. तुझ्या एका हातापायी भावाचं घर बसतंय म्हणे. हाड बसवणाऱ्यानं हात काठ्यांनी बांधून दिला होता, पण तो वाकडाच बसला. त्या वाकड्या हातानं ती कोकरांना पाला घालायची आणि ऐकून घ्यायची. आत्याबाई मात्र दोघींतल्या एकीलाही काही म्हणाल्या नाहीत. एका ताटात लेकीला वाढायच्या, दुसऱ्यात मला, आणि स्वतः जेवायच्या नाहीत. नात मला विचारते, “आजी, पोलिसांत का गेला नाहीत तुम्ही?” पोलीस भावकीबाहेरच्या लोकांसाठी असतात असंच आम्ही धरून चाललो होतो. तिला हे समजत नाही, आणि तिला ते समजत नाही याचंच मला बरं वाटतं.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं ओढ्यात धुवायची असतात. पुरुष पलीकडच्या डोहात धूत होते आणि आम्ही दोघी अलीकडे, गाळात पाय रोवून. मी मेंढी धरायची, गया डाव्या हातानं तिच्या अंगावर पाणी टाकायची. उन्हानं पाणी कोमट झालं होतं. गया एकदम म्हणाली,

“मी जाते.”

“कुठं?”

“तुझ्या माहेराला. अजून कुठं?”

मी मेंढी सोडून दिली. ती ओली मेंढी आमच्या दोघींवर पाणी झटकून वर पळाली.

“तुला न्यायचं तर त्यानं यावं,” मी म्हणाले.

“तो येनार नाय. तू बहीन हाय त्याची, तुला ठाव नाय का? मीच जाते. तू हितं ऱ्हा. आयला तू लागती, रंगादादाला लागती.” मग दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशी ती म्हणाली, “आता मारंल तवा हात मधी घालाया जमंल का नाय, त्याचंच भ्या वाटतं. ह्यो वर हुईना झालाय.” तिनं मनगट वर करून दाखवलं. ते खांद्यापर्यंतही येत नव्हतं. “पर तू म्हन. तू जा म्हनली तर मी उंद्या जाती.”

पलीकडे पुरुष मेंढरं हाकत होते, त्यांत रंगनाथची हाक वेगळी ओळखू येत होती. मला सगळं हवं होतं, ती हाक, तो चहा, आत्याबाईंचं फटकळ तोंड. एका शब्दावर मिळत होतं.

“नको जाऊ,” मी म्हणाले.

“बघ, इचार कर.”

“नको जाऊ, गया. मारून टाकील तो तुला.”

हे मी तोंडानं म्हणाले, आणि त्याच वेळी माझा जीव आतून आक्रोश करत होता की हिनं माझं ऐकू नये. हट्टानं जावं, मी अडवूनही जावं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पाण्यातच खाली बसली आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारून रडायला लागली. हात मोडला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. तिनं माझं ऐकलं होतं.

मी योग्य केलं हे मला त्या दिवशी ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. त्यानं दुःख कमी होतं असं ज्यांना वाटतं त्यांना कधी तशी वेळ आलेली नाही.

काडीमोड ओट्यावरच झाली. नवरा-बायकोला वेगळं करायचं तर पंचांपुढं काडी मोडायची, ती मोडली की नातं तुटलं. कडब्याच्या पेंढीतली एक काडी काढून काकांनी रंगनाथच्या हातात दिली. ते ती धरून बसले. सगळे वाट बघत राहिले. कुणीतरी खाकरलं. काकांनी शेवटी आपले दोन्ही हात त्यांच्या हातांवर ठेवले, आणि लहान मुलाचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात तसं त्यांच्याकडून ते करवून घेतलं. दादाच्या नावानं दुसरी काडी काकांनी स्वतःच मोडली. मी दाराआडून बघत होते. वाळक्या काडीचा आवाज तो केवढा असणार, पण मी लुगडं तोंडात कोंबलं.

आत्याबाईंनी धपाटे करून बांधले, वर येसराची पुडी ठेवली. एक चुलत सासू म्हणाली, “आता ती आपली कोन लागती, तिला शिदोरी कशापायी?” आत्याबाईंनी गाठ मारता मारता मान वर केली. “वाटंनं भूक लागती मानसाला. त्यात भावकीचं काय काम?” पण माझी ओटी त्यांना भरता आली नाही. ओटी भरायची ती परत येणारीची. त्या तांदळाच्या डब्यापर्यंत गेल्या आणि झाकणाला हात लावून परत आल्या. मी पाया पडले तर त्यांनी मला उठवलंच नाही, माझ्या पाठीवर पालथ्या पडून राहिल्या. गया कुडात कोकरांमध्ये जाऊन बसली होती, ती बाहेर आली नाही.

लासूरपर्यंत सोडायला रंगनाथ बैलगाडी घेऊन आले. एवढी मुभा काकांनी दिली, त्याबद्दल सगळे काकांना चांगलं म्हणत होते. स्टेशनातल्या लिंबाखाली गाडी सोडून ते माझ्याशेजारी, पण हातभर लांब बसले. मी सगळी लाज सोडून म्हणाले, “चला माझ्यासंगं. औरंगाबाद लई मोठं हाय. गिरणीत लागा, नायतर हमाली करा. उस्मानपुऱ्यात नको, दुसरीकडं खोली घेऊ.”

त्यांनी बैलांपुढं कडब्याची पेंढी सरकवली.

“आन आयचं?” ते म्हणाले. “गयाचं? मी गेलो तर भावकी तोडंल त्यांना. रानात मेंढरू घालू द्यायचे नायत. उंद्या आय मेली तर तिला उचलाया चार मानसं येनार नायत, सुमन.”

माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, कारण ते खरं बोलत होते. आमच्याकडे माणूस एकटा नसतोच. जगताना भावकी लागते, मेल्यावर तर लागतेच, आणि त्याच्या बदल्यात ती काय मागेल ते द्यावं लागतं. आम्ही दोघं सतरा-वीस वर्षांची माणसं, त्या लिंबाखाली बसून एवढं आम्हाला नीट कळत होतं. गाडी आली. त्यांनी माझं बोचकं वर चढवून दिलं. “मी बोलाया पायजे व्हतं बैठकीत,” म्हणाले. “काय बोलला असता?” मी विचारलं. गाडी हलली तरी ते डब्याच्या दांड्याला हात लावून चालत राहिले, आणि मग फलाट संपला.

उस्मानपुऱ्यात खाला दारातच होती. “आगई बेटी? कित्ते दिन रहती?” ती काय समजायचं ते समजली असावी, कारण पुढं होऊन तिनं माझ्या हातातलं बोचकं घेतलं. माय आत भाकरी टाकत होती. “आलीस व्हय,” म्हणाली. “बरं झालं. त्यांची गेली, आपली आली. फिटंफाट.” दादा जेवायला बसला होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, भरून दे म्हणून. मी भरून दिला. ओट्यावर बसलेल्या बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

देवगावच्या बातम्या पुढं तुटक तुटक यायच्या. गयाचा हात तसाच राहिला. अशा हाताची मुलगी बदल्यात घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून रंगनाथचंही दुसरं लग्न कित्येक वर्षं अडलं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मी मोरीत जाऊन रडले. आत्याबाई वारल्या तेव्हा त्यांना उचलायला भावकी आली होती म्हणे, झाडून सगळी. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते.

दादाला मात्र बायको हवी होती. मी परत आल्याला वर्षही सरलं नव्हतं. वैजापूरकडचं एक घर निघालं, मुलगी दाखवली, घरच्यांना पसंत पडली. पाव्हणे चांगले बोलके होते. त्यांनी दादाच्या रागाबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं की मुलगी आम्ही देऊ, पण तुमच्याकडून काय?

घरात मी होते.

ते मला बघायला येणार त्या सकाळी मायनं मला पुढ्यात बसवलं आणि माझ्या केसांना तेल लावलं. तिचा हात तसा प्रेमळच होता, गुंता ओढायची नाही, बोटांनी सोडवायची. आत खोलीत दादा नवा सदरा घालून आरशात बघत होता. मायनं वेणी घातली, पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “हे बघ, झालं गेलं इसर. या खेपंला तरी नीट नांद, बाई.”

“मी नांदतच व्हते, माय,” मी म्हणाले.

ती कुंकवाचा करंडा शोधत होती.